ओस्तूनीचा चढ, चुना आणि चिकोरी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकाच्या मुखपृष्ठावर दक्षिण इटलीतल्या ओस्तूनी या गावाचं छायाचित्र होतं. त्यानंतर प्रवास विभागाकडे बरीच पत्रं आली. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुल्या हा प्रदेश. तिथे एड्रियाटिक समुद्रापासून सुमारे आठ किलोमीटर आत, दोनशे मीटरच्या आसपास उंचीच्या टेकडीवर हे गाव वसलं आहे. जुन्या गावातली घरं चुन्याने पांढरी केलेली, म्हणून त्याला 'चित्ता ब्यांका', म्हणजे पांढरं शहर, म्हणतात. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमच्याकडे बारा दिवस आहेत. ग्रीसची बेटं, इटलीतलं ओस्तूनी आणि स्पेनमधली पांढरी गावं असा एकत्र कार्यक्रम बसेल का? (कोथरूडहून एक वाचक)

बसेल, पण विमानतळावर. नकाशावर हे तिन्ही प्रदेश भूमध्य समुद्राच्या काठी ओळीने दिसतात, त्यामुळे फसगत होते. एकातून दुसऱ्यात जायचं तर बहुतेक वेळा मोठ्या शहरात विमान बदलावं लागतं, आणि सामान, बस, हॉटेल धरून एक दिवस जातोच. बारातले चार दिवस असे गेल्यावर उरलेल्या आठांत तीन देश पाहणं म्हणजे पांढऱ्या भिंतींची गल्लत होणं.

एकच निवडा, आणि महिना बघून निवडा. स्पेनमधली पांढरी गावं ज्या अंदालुसिया प्रदेशात आहेत, त्याचा आतला भाग जुलै-ऑगस्टमध्ये चाळीस अंशांपर्यंत तापतो. आर्कोस, झाहारा, ग्रासालेमा ही गावं एप्रिल-मेमध्ये उत्तम, पण तिथल्या बस मोजक्या असल्याने स्वतः गाडी चालवणार असाल तरच सोयीची. ग्रीक बेटांवर ऐन उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि बोटी उशिरा धावतात किंवा रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा लागतो. शाकाहारी, रेल्वेने फिरणारे, घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असलेले, असा गट असेल तर आमचं मत पुल्याला. एप्रिलअखेर ते जूनमध्य किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरमध्य हा काळ धरा. ऑगस्ट मात्र टाळाच. १५ ऑगस्टला त्यांचा फेरागोस्तो असतो, त्या पंधरवड्यात निम्मी इटली समुद्रकाठी उतरलेली असते आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात. २६ ऑगस्टच्या आसपास ओस्तूनीत संत ओरोंझोचा उत्सव असतो. लाल पोशाखातले घोडेस्वार, सजवलेले घोडे अशी मिरवणूक निघते. केवळ त्यासाठी जायचं असेल तर खोली चार-पाच महिने आधी धरा. जानेवारी-फेब्रुवारीत उलटा प्रकार: गाव स्वस्त आणि शांत, पण बरीच उपाहारगृहं बंद.

सहल कंपनी ओस्तूनीला अडीच तास देते, दुपारी एक ते साडेतीन. पुरेसे आहेत का? (सहकारनगर)

वेळ कमी आहे हा प्रश्न दुय्यम. वेळ चुकीची आहे. एक वाजता दुकानं बंद व्हायला लागतात आणि साडेचार-पाचच्या आधी उघडत नाहीत. चर्च बहुधा बंद, भट्टीवाल्याकडची ताजी फोकाच्चा (तेल घातलेला चपटा पाव) संपलेली, आणि डोक्यावरचं ऊन पांढऱ्या भिंतींवरून परतून डोळ्यांत. गल्ल्यांना त्या वेळी सावली जवळजवळ नसते. म्हणजे गाव झोपलेलं असताना तुम्ही त्याच्या अंगणातून फिरून येता.

अशा गावात स्थळांची यादी फार लांब नसते. सकाळ आणि संध्याकाळ या दोन वेळा साधल्या की गाव पाहून झालं. त्यासाठी किमान एक रात्र मुक्काम हवा, दोन असतील तर उत्तम. आमच्या मते क्रम असा ठेवावा. साडेतीन-चारच्या सुमारास पोहोचा, सामान टाका, साडेपाचला पियात्सा देल्ला लिबेर्ता या मुख्य चौकातून निघा. चौकात संत ओरोंझोचा दगडी स्तंभ आहे, १७७१ मधला, वीस मीटरहून थोडा उंच. तिथून व्हिया कात्तेद्राले ही चढाची गल्ली थेट कॅथीड्रलपर्यंत जाते. न थांबता चाललात तर दहा-बारा मिनिटं. पण वाटेत जुन्या मठात पुराणवस्तू संग्रहालय आहे. ते सोडू नका. १९९१ साली गावाजवळच्या सांता मारिया दि आन्यानो गुहेत एका गरोदर स्त्रीचा सांगाडा सापडला, सुमारे अठ्ठावीस हजार वर्षांपूर्वीचा. गर्भाची हाडं पोटाच्या जागी, डोक्यावर शिंपल्यांची टोपी. संशोधकांनी तिला 'देलिया' नाव दिलं आहे. त्या दफनाची मांडणी या संग्रहालयात पाहायला मिळते. गावाची पांढरी घरं त्या मानाने कालची.

कॅथीड्रल पंधराव्या शतकातलं, आणि लक्षात घ्या, ते पांढरं नाही. चुना घरांना; देवळं, वाडे आणि कोरीव दारचौकटी मात्र उघड्या पिवळसर दगडाच्या. दर्शनी भिंतीवरच्या गोल खिडकीत बाहेरच्या वर्तुळात चोवीस आणि आतल्यात बारा कमानी आहेत, तास आणि महिने. समोरच्या चौकातला छोटा पूल म्हणजे आर्को स्कोप्पा. बिशपचा वाडा आणि समोरची जुनी धर्मपाठशाळा यांना तो जोडतो.

दुसऱ्या दिवशी सातच्या आत बाहेर पडा. तेव्हा गल्ल्यांत झाडू मारणारे, भट्टीवाले आणि मांजरं एवढेच असतात. दहानंतर बस यायला लागतात, तेव्हा तुम्ही नाश्ता करून खाली ऑलिव्हच्या बागांकडे निघालेले असावं.

आणि कंपनी वेळ बदलायला तयार नसेल तर? तर त्या अडीच तासांत चढायच्या फंदात पडू नका. संग्रहालय त्या दिवशी उघडं असेल तर ते पाहा, नाहीतर चौकात सावलीत बसून जेवा.

गाडी न घेता कसं जायचं? (औंध)

मुंबईहून बारी किंवा ब्रिंदिसीला थेट विमान नाही. रोम, मिलान किंवा इस्तंबूलमार्गे बारी हा नेहमीचा रस्ता. रोमहून रेल्वेनेही बारी सुमारे चार तासांवर आहे, आणि विमान बदलण्याच्या दगदगीपेक्षा ती आम्हाला बरी वाटते. बारी विमानतळावरून शहरातल्या मुख्य स्थानकापर्यंत, म्हणजे बारी चेंत्राले, रेल्वे आहे. तिथून लेच्चेकडे जाणारी प्रादेशिक गाडी धरली की तासाभरात ओस्तूनी. ब्रिंदिसी विमानतळ अंतराने जवळ, सुमारे चाळीस किलोमीटर, पण तिथे रेल्वे आत येत नाही. आधी बसने ब्रिंदिसी स्थानक गाठावं लागतं.

तीन ठिकाणी गडबड होते. पहिली: प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. तिकीट विकत घेतलं म्हणजे झालं, असं समजून चढलात तर तपासनीस दंड करतो. फोनवर काढलेल्या तिकिटाला गाडी सुटण्याआधी तिथेच 'चेक-इन' करायचं असतं. दुसरी: ओस्तूनीचं स्थानक गावात नाही, खाली दोन-अडीच किलोमीटरवर आहे. गावात जाणारी स्थानिक बस मिळते, पण रविवारी आणि रात्री ती कमी होते. टॅक्स्या रांगेत उभ्या नसतात, म्हणून मुक्कामाच्या घरमालकाला गाडीची वेळ आधी कळवून ठेवा. पायी जाऊ असं म्हणाल तर रस्ता चढाचा, पदपथ अर्धवट. बॅग ओढत जाण्यासारखा नाही.

तिसरी गडबड जास्त महाग पडते. शेजारच्या चिस्तेर्निनो गावाच्या नावाची दोन स्थानकं आहेत. बारी-लेच्चे मुख्य मार्गावरचं 'चिस्तेर्निनो' हे गावापासून कित्येक किलोमीटर लांब, सपाटीवर आहे. गावातलं स्थानक 'चिस्तेर्निनो चित्ता', आणि ते फेर्रोव्हिये देल सूद एस्त या वेगळ्या रेल्वेचं. आल्बेरोबेल्लो, लोकोरोतोंदो, मार्तिना फ्रांका हीही त्याच दुसऱ्या रेल्वेवर. ती ओस्तूनीला येत नाही. रविवारी तिच्या गाड्या अगदी कमी असतात किंवा गाडीऐवजी बस सोडतात. त्यामुळे आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची त्रुल्ली घरं (१९९६ पासून जागतिक वारसा यादीत) आणि लोकोरोतोंदो हे ओस्तूनीहून रोज ये-जा करून पाहण्यापेक्षा बारीहून येताना किंवा परतताना उरका, तेही रविवार सोडून.

आम्ही गाडी भाड्याने घेणार आहोत. परवाना आणि दंड याबद्दल सांगा. (पिंपरी)

भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून मिळतो, अर्ज सारथी संकेतस्थळावरून करता येतो, शुल्क एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. निघण्याच्या आठवड्यात नको, महिनाभर आधी करा. इटलीत भाड्याच्या गाड्या बहुतेक हाताने गिअर टाकायच्या असतात. स्वयंचलित हवी असेल तर आरक्षणाच्या वेळीच सांगा, आणि लहान गाडी घ्या. मोठी गाडी घेणारा डोंगरगावात पहिल्याच वळणावर पस्तावतो.

दंडाचं मुख्य कारण 'झेडटीएल', म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या गावांच्या तोंडाशी पांढऱ्या वर्तुळाला लाल कड असलेली पाटी असते. तिच्या आत फक्त परवानगी असलेल्या गाड्या. नाक्यावर माणूस नसतो, कॅमेरा असतो. शेजारच्या दिव्याच्या पाटीवर 'व्हार्को अत्तीव्हो' असं दिसलं की आपले लोक 'चालू आहे, म्हणजे जाता येईल' असं समजून आत शिरतात. अर्थ नेमका उलटा: कॅमेरा चालू आहे, आत येऊ नका. 'नोन अत्तीव्हो' असेल तरच मोकळं. दर वेळी ओलांडलं की वेगळा दंड, म्हणजे वाट चुकून दोनदा फिरलात तर दोन. पावती काही महिन्यांनी घरी येते, आणि त्याआधी गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचं शुल्क कार्डावरून कापून घेते, ते वेगळंच.

गाडी उभी करताना रेषांचा रंग बघा. निळी म्हणजे पैसे भरून, पांढरी म्हणजे फुकट (पण पाटीवर वेळेची मर्यादा असू शकते), पिवळी म्हणजे राखीव. ओस्तूनीत गाडी तटबंदीबाहेर, खालच्या अंगाला लावून चालत वर जाणं हेच शहाणपणाचं.

आई-वडील सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. नेऊ का? (सदाशिव पेठ)

न्या, पण खोली नीट निवडून. पर्वतीच्या १०३ पायऱ्या सरळ, ओळीने आणि एकदाच चढायच्या असतात. ओस्तूनीत तसं नाही. तिथे एक उतार, मग चार पायऱ्या, मग वळण, मग पुन्हा सात पायऱ्या, प्रत्येकीची उंची वेगळी आणि कठडा बहुधा नाही. गुडघ्यांना चढण्यापेक्षा हा बेतालपणा जास्त त्रास देतो, आणि उतरताना दुप्पट. जमिनीवरच्या चुनखडीच्या फरशा शतकानुशतकं पायांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत. पावसाच्या चार थेंबांनी त्या साबण लावल्यासारख्या होतात. चामड्याचा तळवा चालणार नाही. खाचांच्या रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि काठी असेल तर तिच्या टोकाला रबरी टोपण. धातूचं टोक या फरशीवर घसरतं.

खोली जुन्या गावाच्या माथ्यावर घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण गच्चीवरून समुद्र दिसतो. तुमच्यासाठी ती नको. मुख्य चौकाच्या जवळ, सपाटीवर घ्या. आरक्षणाआधी तीन गोष्टी लेखी विचारा: 'पियानो तेर्रा' म्हणजे तळमजला आहे का, दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, गाडी किती अंतरापर्यंत येते. 'लिफ्ट आहे का' हे विचारण्यात अर्थ नाही, जुन्या घरांत ती क्वचित असते. आणि तळमजला म्हटलं तरी आत माळ्यावर झोपायची खोली आणि तिला उभा लाकडी जिना, अशी रचना असू शकते. 'पलंग कोणत्या पातळीवर आहे' हेही विचारा. मोठ्या बॅगा गाडीत किंवा बारीतल्या सामानघरात ठेवून दोन रात्रींपुरती पाठीवरची पिशवी घेतलीत तर सगळ्यांचाच जीव सुटतो. दगडी फरशीच्या सांध्यांत बॅगेची चाकं अडकून तुटतात.

चढ अजिबात नको असेल तर तीनचाकी आपे रिक्षातून गावाभोवती फेरी मारून आणणारे चालक चौकाजवळ भेटतात. हो, तीच आपे, जी पियाजिओ आपल्या बारामतीत बनवते. भाडं बसण्यापूर्वी ठरवा आणि कॅथीड्रलच्या चौकापर्यंत नेणार का, ते स्पष्ट विचारा.

वडिलांना मधुमेह असेल तर एक इशारा. स्वयंपाकघरं दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतरच चालू असतात. मधल्या वेळेत गरम जेवण मिळत नाही. गोळ्यांच्या वेळा त्यानुसार डॉक्टरांकडून बसवून घ्या आणि खिशात काहीतरी ठेवा.

शुद्ध शाकाहारी आहोत. चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. उपाशी राहू का? (बिबवेवाडी; असाच प्रश्न आणखी पाच-सहा पत्रांत)

युरोपात शाकाहारी माणसाने जावं असे जे थोडे प्रदेश आहेत, त्यांत पुल्या पहिला. इथलं घरगुती जेवण गरिबीतून आलेलं आहे: डाळी, पालेभाज्या, गहू, ऑलिव्ह तेल. 'फावे ए चिकोरिया' हा पदार्थ तर आपल्या जेवणाऱ्याला लगेच कळेल. सोललेल्या सुक्या फावाची, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची, मऊ घोटलेली डाळ, शेजारी कडवट चिकोरीची उकडलेली भाजी आणि वरून कच्चं तेल. मांस नाही, दूध नाही. मात्र काही ठिकाणी डाळीत बटाटा आणि भाजीवर लसणाची फोडणी असते, ते विचारून घ्या. आणि एक गंभीर सूचना: घरात कोणाला जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर फावाचा एकही दाणा पोटात जाता कामा नये. त्याने रक्तपेशी फुटतात.

ओरेक्किएत्ते हा कानाच्या पाळीसारखा पास्ता फक्त रवाळ गव्हाचं पीठ आणि पाणी यांचा, त्यात अंडं नसतं. पण त्याची सगळ्यांत प्रसिद्ध भाजी 'चिमे दि रापा' हिच्यात आंचोवी हा छोटा मासा विरघळवून टाकतात. तो दिसत नाही, चवीला फक्त खारटपणा येतो, आणि यादीत 'भाजीचा पास्ता' असंच लिहिलेलं असतं. आमच्या माहितीप्रमाणे सर्वांत जास्त फसगत इथेच. टोमॅटोचा रस्सा घेतलेला बरा. बारीच्या फोकाच्चाच्या पिठात उकडलेला बटाटा असतो. ताराल्ली या कडक कड्यांच्या पिठात पांढरी वाइन घालतात. पास्तिच्चोत्तो या गोड पुडिंगभरल्या पदार्थाच्या पारीला डुकराची चरबी लावण्याची जुनी रीत आहे, तिला 'स्त्रूत्तो' म्हणतात. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असू शकतं. पार्मेजानमध्ये ते असतंच. चालणार नसेल तर 'काल्यो व्हेजेताले' म्हणजे वनस्पतीजन्य विरजणाचं आहे का, ते विचारा.

फ्रिसेल्ले मात्र निर्धास्त. दोनदा भाजलेला कडक पाव पाण्यात क्षणभर बुडवायचा, वर टोमॅटो, मीठ, तेल. खोलीवरही होतो. जास्त वेळ बुडवला तर त्याचा लगदा होतो. आतून किंचित कडक राहिला पाहिजे.

नुसतं 'व्हेजेतारियानो' म्हणून भागत नाही, कारण मासे त्यात मोजणारे लोक भेटतात. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या: सेंत्सा कार्ने (मांस नको), सेंत्सा पेश्शे (मासे नकोत), सेंत्सा आच्चूगे (आंचोवी नको), सेंत्सा ब्रोदो दि कार्ने (मांसाचं पाणी नको). चातुर्मासासाठी सेंत्सा चिपोल्ला, सेंत्सा आल्यो, म्हणजे कांदा आणि लसूण नको. टोमॅटोचा रस्सा सकाळीच लसूण घालून करून ठेवलेला असतो, त्यामुळे तेल-चीजचा साधा पास्ता आयत्या वेळी करून मागा. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लावलेला असतो. तो बसण्याचा आणि पावाचा आकार आहे, लूट नव्हे. भांडू नका.

घरून खायला काय नेता येईल? (नारायण पेठ)

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर बाद. लहान बाळाच्या दुधाच्या भुकटीला मर्यादित सूट आहे. बहुतेक ताजी फळं आणि भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, म्हणून मेमध्ये निघालात तरी हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी घरीच. बाकरवडी, चिवडा, तेलात केलेले ठेपले, मेतकूट, कोरडी चटणी, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला हे चालतं. लोणचं नेत असाल तर ते मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. हातातल्या सामानात ते द्रवात मोजलं जातं. भाजणीला खोलीत स्वयंपाकघर लागेल, हे आरक्षण करतानाच बघा.

ही घरं पांढरी का? आणि तसाच चुना आमच्या सोसायटीच्या गच्चीला मारता येईल का? (सिंहगड रस्ता)

कारणं तीन आणि तिन्ही व्यवहारी. आजूबाजूला सगळा चुनखडीचा दगड, म्हणजे कच्चा माल पायाखाली. गल्ल्या इतक्या अरुंद की पांढऱ्या भिंतींनी परतवलेला उजेडच खिडक्यांत पोहोचतो, शिवाय ऊन परतवल्याने घर कमी तापतं. आणि ताजा चुना तीव्र क्षारीय असल्यामुळे त्यावर बुरशी आणि जंतू टिकत नाहीत; साथीच्या काळात घरं पांढरी करण्याची रीत त्यामुळे रुजली. पाऊस आणि वारा तो थर झिजवतात, म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. वर्षानुवर्षांच्या थरांनी भिंतींचे कोपरे गोलसर झालेले दिसतात.

प्रक्रिया तीच जी पुण्याच्या वाड्यांत होती. चुनखडी सुमारे नऊशे अंशांवर भाजली की कळीचा चुना, त्यात पाणी पडलं की तो उकळून विरतो, आणि भिंतीवर गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. हे 'हळूहळू' न समजल्यामुळेच आपल्याकडचा चुना हाताला लागतो. जाड लेप, कोरडी भिंत, कडक ऊन यांत पाणी उडून जातं, चुन्याला दगड व्हायला वेळच मिळत नाही, आणि उरते ती भुकटी.

गच्चीसाठी प्रमाण: एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी. पत्र्याच्या पिंपात आधी पाणी, मग थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उसळून अंगावर येतो, आणि प्लास्टिकची बादली उष्णतेने वाकते. डोळ्यांवर गॉगल आणि हातात रबरी मोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहून लगेच डॉक्टर गाठा. चोवीस तास मुरू द्या, जाड्याभरड्या फडक्यातून गाळा. दर लिटरला चार ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा. भिंतीला मारणार असाल तर किलोमागे तीन ग्रॅमपर्यंत नीळ. गच्चीला तिची गरज नाही. पृष्ठभाग घासून, धुऊन, ओलसर असतानाच दुधाइतका पातळ हात द्या, संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून दुसरा हात, मग तिसरा. प्लास्टिक पेंट किंवा जलरोधक रंग असलेल्या गच्चीवर हा धरत नाही, पापुद्रे निघतात. गळती तर याने मुळीच थांबत नाही. ती वेगळी दुरुस्ती. मार्चमध्ये द्या, पावसाळ्यात बराच वाहून जाईल हे धरून चाला.

फोटोत पांढऱ्या भिंती करड्या येतात. (कर्वेनगर)

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असं गृहीत धरतो आणि पांढऱ्याला दाबतो. फोनवर भिंतीवर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. कॅमेऱ्यात 'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक ठेवा. त्याहून वर नेलंत तर चुन्याचा खरबरीतपणा पुसला जाऊन कोरा कागद दिसेल. टेकडीसकट अख्ख्या गावाचं चित्र समुद्राच्या बाजूच्या सपाटीवरून घ्यायचं. ती बाजू ईशान्येकडे आहे, म्हणून सकाळी. संध्याकाळी तिथून गाव सावलीत असतं. आणि लोकांच्या दारातले झेंडूच्या-जिरेनियमच्या कुंड्यांचे कोपरे टिपताना उंबऱ्यावर चढू नका. ती घरं आहेत, देखावा नव्हे.

व्हिसासाठी काय लागतं, थोडक्यात सांगा. (हडपसर)

शेंगेन अल्पकालीन व्हिसा. प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली शुल्क नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण उन्हाळ्यात भेटीच्या वेळाच मिळत नाहीत, तेव्हा तीन महिने धरा. जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरता तिथे. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळून नीट वापरले असतील तर २०२४ पासून भारतीयांना दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. अर्जात तसं मागा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद सुरू झाली आहे, पहिल्या प्रवेशाला वेळ लागतो. रोमला उतरून पुढचं विमान दीड तासात असं तिकीट काढू नका.

प्लग, पाणी आणि (संकोचून विचारते) स्वच्छतागृह? (कर्वे रस्ता)

आपला दोन बारीक गोल पिनांचा चार्जर चालतो, तीन जाड पिनांचा नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. संकोच नको: १९७५ पासून इटलीत घराच्या किमान एका न्हाणीघरात बिदे (शौचानंतर पाण्याने धुण्यासाठीचं बैठं भांडं) बसवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे युरोपातल्या इतर देशांपेक्षा इथे आपली सोय बरी. सार्वजनिक ठिकाणी मात्र ती नसते. पिशवीत छोटी पाण्याची बाटली ठेवा.

ऑलिव्ह तेल आणावं का? कोणतं? (डेक्कन)

आणा. ओस्तूनी आणि समुद्र यांच्यामधल्या सपाटीवर शेकडो वर्षांची ऑलिव्हची झाडं आहेत, आणि २००७ च्या प्रादेशिक कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पुल्यात २०१३ मध्ये सापडलेल्या झायलेला या जिवाणूने दक्षिणेकडच्या असंख्य बागा वाळवल्या, त्यामुळे चांगलं तेल स्वस्त मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. डब्यावर 'एक्स्त्रा व्हेर्जिने' आणि हंगामाचं वर्ष पाहा. तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होते, म्हणजे मेमध्ये मागच्याच हिवाळ्याचं तेल घ्यायचं. 'कोल्लिना दि ब्रिंदिसी' हा इथल्या तेलाचा संरक्षित शिक्का. पारदर्शक बाटलीतलं, दुकानाच्या उन्हात ठेवलेलं घेऊ नका. तीन लिटरचा पत्र्याचा डबा सुमारे तीन किलो भरतो. तो मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, कपड्यांच्या मधोमध. उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. तळणीला वापरू नका, ज्वारीच्या भाकरीबरोबर लसणाच्या चटणीवर कच्चंच घाला.